जाळीला तीनदा विचारायचं

वॉशरच्या कारखान्यात त्यांना सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. डॉक्टरकीशी बाईंचा संबंध सर्दीच्या गोळीपुरताच होता, पण कुठलं मशीन कुरकुरायला लागलं की त्या काखेत लॅपटॉप मारून हजर व्हायच्या, आधी पत्र्याला हात लावायच्या, मग कान लावायच्या, आणि "काय होतंय गं तुला?" असं विचारून मगच वायर जोडायच्या. मशीन काय बोलणार, कपाळ! बाईंना मात्र बरंच काही ऐकू यायचं. नवा आलेला माणूस हे बघून तोंड फिरवून हसायचा, आणि महिन्याभरात तोच "डॉक्टरीणबाई, जरा चला ना" म्हणत त्यांच्या टेबलापाशी घुटमळायचा.

शिक्षण म्हणाल तर हातांचं. तरुणपणी त्या जळलेल्या मोटारींमधली तार काढून नवी भरायच्या दुकानात होत्या. मग या कारखान्यात वायरिंगला लागल्या. त्यांच्या बेचाळिसाव्या वर्षी मुलगी शिकायला परगावी गेली आणि जाताना पायथनचं एक जाडजूड पुस्तक घरीच विसरली. बाईंनी ते धूळ झटकायला उचललं आणि खाली ठेवलंच नाही. वर्षभरात कारखान्याची भट्टी त्यांच्या प्रोग्रामवर चालायला लागली, आणि मग एकेक करत सहाही मशिनं. एक नंबर रबर मळतं. दोन आणि पाच या गरम प्रेस, रबराला साच्यात दाबून वॉशर करणाऱ्या. तीन म्हणजे ती भट्टी, चार कडा कापतं, सहा वजन करून पाकिटं भरतं.

बाईंची पद्धत सोपी होती. नवं मशीन हाती आलं की जुन्या मशीनचा फोल्डर उचलायचा, कॉपी करायचा, नवं नाव द्यायचं आणि लागेल तिथे चार ओळी बदलायच्या. मशीनशी बोलणं कसं सुरू करायचं, जाळी बंद आहे का ते कसं बघायचं, बिघाड कुठे नोंदवायचा, हे सहाही ठिकाणी तेच. साहजिकच एका ठिकाणी चूक सापडली की ती सहा ठिकाणी जाऊन दुरुस्त करावी लागे. त्यासाठी त्यांनी टेबलामागच्या भिंतीवर एक काळी पाटी टांगली होती. पाटीवर एक ते सहा आकडे. ज्या मशीनला औषध पाजून झालं त्याच्यापुढे फुली. सहा फुल्या झाल्या की पाटी पुसायची. पाटी कोरी, म्हणजे सगळे बरे. अशी बारा वर्षं गेली. बारा वर्षं सुरळीत चाललेल्या गोष्टीला कुणी प्रश्न विचारत नाही, हा माणसाचा जुनाच रोग आहे.

पाच नंबरच्या प्रेसवर जी उभी राहायची, तिला कारखान्यात पाच नंबरवाली म्हणत. अठरा वर्षं तीच प्रेस. रबर शिजलं की नाही हे ती वासावरून सांगायची आणि घड्याळ तिच्यामागून यायचं. जेवणाच्या सुट्टीत ती आणि डॉक्टरीणबाई एकाच बाकावर बसत, एकमेकींचे डबे न विचारता उघडत, आणि दोघींचं बोलणं अगंतुगंचं. तिची जीभ तिखट. "तू कान लावतेस, पण माझ्या प्रेसला नाक लागतं," असं ती बाईंना खुशाल सुनवायची.

प्रेसला पुढून लोखंडी जाळी आहे. जाळी ओढून लावली की प्रेस आपोआप खाली येते. जाळी उघडी असेल तर यायची नाही. जाळीच्या कडेला एक छोटा स्विच असतो, तो प्रोग्रामला सांगतो की बंद आहे की उघडी. एकदा दोन नंबरवर बाईंच्या लक्षात आलं की स्विच जुना झाला की थरथरतो. जाळी नुसती हलली तरी क्षणभर "बंद" म्हणतो. कुणाला लागलं नाही, पण बाईंनी त्याच दिवशी दोन नंबरला अकरा नव्या ओळी घातल्या. आता प्रोग्राम जाळीला एकदा विचारून विश्वास ठेवणार नव्हता. लागोपाठ तीनदा विचारणार, आणि तिन्ही वेळा "बंद" असं उत्तर आलं तरच प्रेस हलवणार. बाईंनी पाटीवर दोनपुढे फुली मारली, मग एक, तीन, चार आणि सहापुढे. पाच नंबरवर तेव्हा घाईचं काम चालू होतं. सोमवारी टाकू, असं म्हणून बाई घरी गेल्या.

रविवारी भिंती रंगवायला माणसं आली. रंगाचे शिंतोडे उडाले म्हणून त्यांनी पाटी खाली उतरवली, धुतली आणि पुसून परत टांगली. किती नीटनेटकी माणसं! सोमवारी बाईंनी पाटीकडे पाहिलं. पाटी कोरी होती.

तीन आठवड्यांनी पाच नंबरवाली जाळी लावत असताना तिला साच्याच्या कडेला एक वॉशर चिकटलेला दिसला. तिने जाळी अर्धी मागे घेतली आणि डावा हात आत घातला. प्रेस खाली आली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं.

मालक वाईट माणूस नव्हता, पण अहवाल त्यालाच लिहायचा होता. पाच नंबरवाली दवाखान्यातूनही एकच सांगत होती, "जाळी उघडी होती, तरी ती खाली आली." मालकाने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "असं होऊ शकतं का?" बाई म्हणाल्या, "तसा एक दोष होता. तो मी सगळीकडचा काढलाय." त्यांनी स्विच बदलला, पन्नास वेळा जाळी उघडझाप करून पाहिली, प्रेस एकदाही चुकली नाही. पाच नंबरचा कोड उघडून बघायची गरज त्यांना वाटली नाही, की बघायची भीती वाटली, हे त्यांना अजूनही सांगता येत नाही. अहवालात लिहिलं गेलं: कामगाराचा निष्काळजीपणा. पाच नंबरवालीची प्रेसवर उभं राहायची परवानगी गेली. हात बरा झाल्यावर तिला सहा नंबरवर बसवलं, पाकिटं भरायला. लोक तिला अजून पाच नंबरवालीच म्हणत, आणि ती बाईंना आता "तुम्ही" म्हणायला लागली होती. डबाही ती तिकडेच, पाकिटांच्या खोक्यांमध्ये बसून खायची.

सात महिने असे गेले. मग मालकाने तिसरी गरम प्रेस घेतली, सात नंबर. "तुमची ती कॉपी मारा की," मालक म्हणाला. "दोन दिवसांत उभी करा."

बाईंना सातवी कॉपी नको झाली होती. वय झालं, सात ठिकाणी औषध पाजत फिरायचं त्राण राहिलं नव्हतं. त्यांनी ठरवलं, जे सगळ्यांना सारखं लागतं ते एकाच ठिकाणी ठेवायचं आणि सगळ्या मशिनांनी तिथूनच घ्यायचं. चूक सापडली तर एकदाच दुरुस्त, सगळीकडे दुरुस्त. त्यासाठी आधी सहाही फोल्डरांमधलं सारखं काय आणि वेगळं काय हे बघायला हवं. त्यांनी पडद्यावर दोन नंबर डावीकडे ठेवला, पाच नंबर उजवीकडे. जिथे फरक असेल तिथे रंग उमटतो. बराच वेळ सगळं पांढरं गेलं आणि मग डावीकडे अकरा ओळी हिरव्या दिसल्या. उजवीकडे त्यांच्या जागी काही नव्हतं.

बाईंनी फोल्डरचं नाव पुन्हा वाचलं, पाचच होतं. मग त्यांना दुसरी गोष्ट सुचली आणि त्या उठून पळत सुटल्या. पाच नंबरवर या क्षणी दुसरं कुणीतरी उभं होतं. त्यांनी जाऊन लाल बटणावर पंजा मारला. प्रेस थांबली, उभा असलेला माणूस दचकला, आणि शेजारच्या मशिनांवरच्या माना वळल्या. सहा नंबरवरचीही वळली.

मालकाने सगळं ऐकून घेतलं आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, झालं ते झालं. आता दुरुस्त करा ना. जुनी मढी कशाला उकरायची?"

"मढं नाही हो ते. सहा नंबरवर बसलंय, पाकिटं भरतंय."

"अहवाल बदलायचा म्हणजे वर कळवायला लागेल. नाव तुमचं येईल."

"माझंच आहे म्हणून येईल," बाई म्हणाल्या. "निष्काळजीपणा तिचा नव्हता, माझा होता, असं लिहा. नाही लिहिलंत तर तुमची सात नंबर दुसऱ्या कुणाकडून चालू करून घ्या."  

पाच नंबरवालीला सांगणं याहून अवघड गेलं. बाई खोक्यांमध्ये तिच्यासमोर बसल्या आणि दोन नंबर, अकरा ओळी, रंगारी, कोरी पाटी, सगळं आडपडदा न ठेवता सांगितलं. ती वॉशर मोजत होती. हात थांबला नाही.

"मी तेव्हा सांगत होते," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही म्हणालात, दोष काढलाय."

"हो गं."

तिने पाकीट बंद केलं. "घरी नवरासुद्धा म्हणाला, तुझंच लक्ष नसेल. पहिल्यांदा मी भांडले. मग रोज रात्री आठवून आठवून बघायला लागले, जाळी उघडी होती की लावली होती. शेवटी मलाच वाटायला लागलं, माझंच चुकलं असेल." आणि मग पहिल्यांदा तिने वर पाहिलं. "बोटांचं जाऊ दे हो. माझा माझ्यावरचा विश्वास गेला, तो कुठे शोधू?"

 बाईंनी खाली पडलेले दोन वॉशर उचलून तिच्या ढिगात ठेवले आणि त्या उठल्या.

बाईंचे यजमान शिंपी. घराच्या खालच्या खोलीतच दुकान. संध्याकाळी बाई तिथे स्टुलावर बसल्या आणि पुन्हा सगळी कहाणी सांगितली. त्यांनी पायमशीन थांबवून ऐकली.

"सहा ठिकाणी सहा प्रती," ते म्हणाले. "एक ना धड, भाराभर चिंध्या."

"म्हणून तर आता सगळं एकाच ठिकाणी ठेवतेय. तुम्ही कापड कापायला ठेवता त्या खाक्यासारखं. खाका एक, शर्ट शंभर."

"हं." त्यांनी खुंटीवरचे पुठ्ठ्याचे खाके बोटाने हलवले. "पण अगं, खाका चुकला तर? आठवतं, शाळेचे साठ गणवेश? खडूने आखून आखून बगलेची कड झिजली होती, मला कळलंच नाही. साठच्या साठ बगलेत घट्ट. एकेक वेगळा कापला असता तर चार-दोन बिघडले असते."

बाईंनी एक खाका खुंटीवरून काढून त्याची कड बघितली. आतापर्यंत त्यांची चूक एका मशीनपुरती राहायची. आता एक ओळ चुकली तर तिन्ही प्रेस एकाच सकाळी चुकणार होत्या.

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? तेव्हापासून आधी स्वस्त मांजरपाटाचा एक कच्चा शर्ट शिवतो, आणि कुणाच्या तरी अंगात घालून बघतो. अंगात गेल्याशिवाय कळत नाही."

बाईंनी तीन आठवडे घेतले. मालकाच्या दोन दिवसांचं काय झालं ते मालकालाच ठाऊक. त्यांनी टेबलावर एक लाकडी फळी मांडली, तिच्यावर स्विच, दिवे आणि एक छोटी मोटार बसवली, म्हणजे खरं मशीन न लावता सगळं करून बघता यावं. समाईक कोडचा एकच फोल्डर केला. त्यात जाळीला तीनदा विचारायच्या त्या अकरा ओळी गेल्या आणि त्यांच्या वर बाईंनी साध्या मराठीत दोन वाक्यं लिहिली: या ओळी पाच नंबरवर टाकायच्या राहिल्या, आणि एका कामगाराची दोन बोटं गेली. चूक माझी होती. कोड वाचणाऱ्याला कळावं म्हणून अशी टीप लिहितात. मशीन ती वाचत नाही.

या दरम्यान नवा अहवाल निघाला. मालकाने पाच नंबरवालीला बोलावून, हवी तर तिची प्रेस परत देतो म्हटलं. ती म्हणाली, "आधी बघते." आणि एके दिवशी सकाळी, पाळी सुरू व्हायच्या आधी, ती पाच नंबरपाशी येऊन उभी राहिली. बाई तिथे नवा कोड घालून बसल्याच होत्या.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. फळीवर हजार वेळा करून पाहिलं."

तिने जाळी अर्धी उघडी ठेवली. मग शांतपणे म्हणाली, "हात घाला."

"काय?"

"तुमचा हात. आत. मी जाळी हलवते."

बाईंनी हात पुढे केला. साच्याची गरम धग तळव्याला लागली, आणि हात आपोआप मागे आला. त्यांनी पुन्हा पुढे नेला. पुन्हा मागे आला.

"आज नाही," बाई म्हणाल्या.

"मग मलाही आज नाही," ती म्हणाली आणि आपल्या पाकिटांकडे निघून गेली.

बाईंना आधी स्वतःची लाज वाटली. मग वाटलं, हाताला जे कळलंय ते डोक्याला कळायला हवं. फळीवरचा स्विच नवा होता, पाच नंबरवरचा एवढ्या महिन्यांत पुन्हा झिजला असणार, आणि फळीला जाळीच नव्हती. ज्या तेलाच्या दाबाने प्रेस खाली येते ते बाईंनी खऱ्या पाच नंबरच्या मागचं चाक फिरवून बंद केलं, म्हणजे प्रेस हलायला नको, आणि जाळी हलवून स्विचचं प्रत्येक उत्तर, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत, नोंदवून घेतलं. असं पाच दिवस. मग आलेख काढला. दोन नंबरची जाळी हलकी, तिची थरथर पापणी लवायच्या आत संपते. पाच नंबरची जाळी जुनी, जड, चौकट सैल. ती जवळजवळ अर्धा सेकंद थरथरत राहते. प्रोग्राम इतक्या घाईने तीनदा विचारत होता की तिन्ही प्रश्न त्या एका थरथरीत मावत होते. तीनदा विचारून तीनदा खोटंच उत्तर आलं असतं.

म्हणजे त्या सोमवारी पाचपुढे फुली पडली असती, तरी बोटं वाचलीच असती असं नाही. हे कळल्यावर बाईंना हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट त्यांना वाटलं, बारा वर्षं मी कान लावत फिरले, आणि सगळ्यांना एकच औषध पाजत राहिले.

त्यांनी समाईक कोडमध्ये "तीनदा विचारायचं" एवढंच ठेवलं. दोन प्रश्नांच्या मध्ये किती थांबायचं, हे ज्या त्या मशीनच्या स्वतःच्या छोट्या फाइलमध्ये लिहिलं. त्यांच्या घरच्या भाषेत सांगायचं तर खाका एक आणि माप ज्याचं त्याचं. सातही मशिनांचं माप त्यांनी स्वतः जाऊन घेतलं. मग पाच नंबरवालीकडे जाऊन हेही सांगितलं, की माझ्या अकरा ओळीही अपुऱ्याच होत्या. ती फक्त म्हणाली, "उद्या सकाळी येते."

दुसऱ्या दिवशी ती आधीच येऊन थांबली होती. बाईंनी प्रोग्राम चालू केला. कुणी सांगायच्या आत त्यांनी बाही वर केली आणि अर्ध्या उघड्या जाळीतून हात आत घातला, मनगटाच्या वरपर्यंत. शहाण्याने करू नये अशीच ही गोष्ट, आणि बाईंना ते ठाऊक होतं. त्यांचं कपाळ घामाने भिजलं होतं, पण हात हलला नाही.

पाच नंबरवालीने उरलेल्या तीन बोटांनी जाळी धरली आणि हलवली. जाळी थरथरली. पडद्यावर एक "बंद" आलं, मग "उघडी", मग पुन्हा "उघडी". भोंगा वाजला: जाळी तपासा. तिने पुन्हा हलवली. भोंगा. दहा वेळा हलवली. दहाही वेळा प्रोग्रामने नकार दिला.

"काढा हात," ती म्हणाली.

बाईंनी हात काढला आणि दुसऱ्या हाताने तो धरून ठेवला. पाच नंबरवाली मशीनच्या मागे गेली. तिथून चाक फिरवल्याचा आवाज आला, आणि नळीतून तेल सळसळत चढलं. ती पुढे आली तेव्हा बाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"तेल बंद होतं?"

"मी आल्या आल्याच बंद केलं." तिने फडक्याने हात पुसले, आधी उजवा, मग डावा, बोटं नव्हती तिथेसुद्धा. "मला तुझा हात बघायचा होता. बोटं नको होती."

बाईंना हुंदका आला. तो त्यांनी आवरला नाही. पाळीची घंटा झाली, माणसं आत यायला लागली. पाच नंबरवालीने साच्यावर रबर ठेवलं, वाकून त्याचा वास घेतला आणि कोपराने बाईंना बाजूला केलं.

"सरक आता," ती म्हणाली. "कामाला लागायचंय."